घर घेताना (७) : स्टेशन पाच मिनिटांवर

मागच्या आठवड्यात आपण सातबारा वाचला. वाचायला रूक्ष, पण बिचारा कुणाला भुरळ पाडत नाही. आज रविवारच्या पुरवणीतली पानभर जाहिरात वाचू.

सुरुवात गावाच्या नावापासून. पुण्यातल्या जाहिरातींत सूस क्वचितच सापडते. तिथे ‘बाणेर अ‍ॅनेक्स’ असते. मुंढव्याचे ‘कोरेगाव पार्क अ‍ॅनेक्स’ होते. मुंबईत लोअर परळचे ‘अप्पर वरळी’ झाले आणि वडाळ्यात ‘न्यू कफ परेड’ उगवले. पोस्टमन, तलाठी आणि रिक्षावाला या तिघांनाही ही नावे मान्य नाहीत. म्हणून पहिला प्रश्न साधा विचारावा : करारनाम्यात गावाचे नाव काय येणार, आणि सर्व्हे नंबर कोणता?

मग येतात मिनिटे. ‘स्टेशनपासून पाच मिनिटे’ हे वाक्य मी एकदा घड्याळ लावून चालून पाहिले. बावीस मिनिटे लागली, त्यातही एक नाला वळसा घालून ओलांडावा लागला. साइटवरचा विक्रेता जराही ओशाळला नाही. “सर, बायरोड म्हणतोय आम्ही,” म्हणाला. रस्ता कोणता, गाडी कोणती आणि वेळ पहाटे चारची की संध्याकाळी सातची, हे जाहिरात कधीच सांगत नाही. जपानमध्ये घरांच्या जाहिरातींसाठी याचा नियमच आहे : ८० मीटर म्हणजे चालत एक मिनिट, आणि उरलेल्या तुकड्याचेही पूर्ण मिनिट धरायचे. आपल्याकडे मिनिट किती मीटरचे, हे जाहिरात लिहिणारा ठरवतो.

खरा पैसा मात्र क्षेत्रफळात जातो. पूर्वी ‘सुपर बिल्टअप’ नावाचा फुगा होता. जिना, लिफ्ट, लॉबी, क्लब हाऊस यांतला तुमचा वाटा फ्लॅटमध्ये मिळवून आकडा सांगायचे. पस्तीस टक्के लोडिंग धरले, तर हजार चौरस फुटांच्या फ्लॅटमध्ये पाय ठेवायला सुमारे ७४० फूट उरत. २०१६च्या रेरा कायद्याने कार्पेटची व्याख्या पक्की केली : घरातल्या भिंती धरायच्या; बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी आणि उघडी गच्ची धरायची नाही. मराठीत याला ‘चटई क्षेत्र’ म्हणतात, आणि आतल्या भिंती सोडल्या तर शब्द नेमका आहे : घरात चटई अंथरता येईल तेवढीच जागा.

पण फुगा फुटला नाही, त्याने नाव बदलले. आता ‘युजेबल एरिया’ ऐका. त्यात कार्पेटमध्ये बाल्कनी, ड्राय बाल्कनी आणि टेरेस मिळवून मोठा आकडा छापतात. तो खोटा म्हणता येत नाही, कारण बाल्कनी खरोखरच वापरता येते. शेजारच्या बिल्डरच्या शुद्ध कार्पेटशी त्याची तुलना केली की मात्र आपण फसतो. ‘अडीच बीएचके’मधल्या अर्ध्या खोलीत पलंग मावतो का, हेही टेप लावून पाहावे. सॅम्पल फ्लॅटमधला पलंग पुराव्याला घेऊ नये. तो बऱ्याचदा मुद्दाम आखूड बनवलेला असतो आणि खोल्यांना दारेही नसतात.

‘निसर्गरम्य’, ‘आलिशान’, ‘जागतिक दर्जाचे’ या शब्दांवर मी वेळ घालवत नाही. विशेषणाला कोर्टात उभे करता येत नाही. आकड्याला, नकाशाला आणि लेखी वचनाला करता येते. म्हणून जाहिरातीतली विशेषणे पेन्सिलीने खोडावीत आणि उरेल तेवढेच वाचावे. पानभर जाहिरातीत बऱ्याचदा चारच ओळी उरतात, त्यांतली एक ताऱ्याची खूण असलेली : ‘अमुक लाखांपासून पुढे*’. त्या ताऱ्याखालचा बारीक मजकूर आधी वाचा. पार्किंग, देखभाल, जीएसटी, मुद्रांक शुल्क सगळे तिथे असते.

जाहिरातींबाबत रेरा कायदा बराच स्पष्ट आहे. नोंदणी लागणाऱ्या प्रकल्पाची नोंदणीआधी जाहिरातच करता येत नाही. म्हणजे ‘प्री-लाँच ऑफर’ ही शब्दांतच गुन्ह्याची कबुली. जाहिरातीवर महारेरा नोंदणी क्रमांक हवा, आणि १ ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोडही. (जमीन ५०० चौरस मीटरपर्यंत किंवा सदनिका आठपर्यंत असतील तर नोंदणीची सक्ती नाही, तिथे दुप्पट सावध राहा.) सर्वांत कामाचे कलम १२. जाहिरात, माहितीपत्रक किंवा सॅम्पल फ्लॅट यांतल्या खोट्या माहितीवर विसंबून पैसे भरले आणि नुकसान झाले, तर भरपाई मागता येते. प्रकल्पातून बाहेर पडायचे असेल तर सगळी रक्कम व्याजासह परत मागता येते.

त्यासाठी जाहिरात हाताशी हवी. बुकिंगच्या दिवशी मिठाईच्या पुड्याबरोबर फोटो काढतो आपण, पण तीन वर्षांनी तक्रार करताना ते रंगीत माहितीपत्रक रद्दीत गेलेले असते. तेव्हा या रविवारी एवढेच करा : कात्रण, माहितीपत्रक आणि विक्रेत्याचे व्हॉट्सअ‍ॅप संदेश तारखेसह एका फाइलीत लावा, आणि ती फाइल करारनाम्याशेजारी ठेवा. पुढच्या आठवड्यात तो करारनामा उघडू.