आळशी नाही हो, पाय दुखतोय!

मुलांनो, कोंबडीचा गुडघा कुठे असतो, सांगा पाहू! पायाच्या मध्यावर मागे वाकलेला सांधा दिसतो ना, तोच गुडघा, असं तुम्ही म्हणाल. चूक! तो तिचा घोटा आहे. खरा गुडघा वर पिसांत दडलेला असतो. म्हणजे कोंबडी जन्मभर चवड्यांवरच चालते! पाठीला दप्तर लावून पाच मिनिटं चवड्यांवर चालून पाहा बरं. आणि दप्तराचं वजन दर आठवड्याला वाढतच गेलं तर?

मोठ्या जातीच्या कोंबड्यांचं नेमकं हेच होतं.

"सदाशिव पेठेत कुठल्या आल्या कोंबड्या?" असं आजी म्हणेल. पण रस्त्यावर टोपलीत गुलाबी-हिरवी रंगवलेली पिल्लं दिसली, की हट्ट होतो आणि एखादं पिल्लू वाड्यात नाही तर गॅलरीत येऊन पोचतं. थोड्या दिवसांनी रंग उडतो आणि आत कधी कधी पांढरा ब्रॉयलर निघतो! गावठी कोंबडी सव्वा-दीड किलोची व्हायला पाच-सहा महिने घेते. ब्रॉयलर सहा आठवड्यांतच दोन किलोंच्या वर जातो. अंगावर मांस भराभर चढतं, पण हाडं आणि सांधे तेवढ्या वेगाने पक्के होत नाहीत. गावाकडे परसात पाळतात त्या बंगळूरच्या गिरिराज किंवा हैदराबादच्या वनराज जातीचे कोंबडेही चांगले वजनदार होतात. मग पिल्लू एका जागी बसून राहतं आणि घरातले म्हणतात, "आळशी आहे मेलं!"

पाय बिघडतो कशाने?

पहिलं कारण पायाखालचं. बुटांच्या खोक्यात आपण वर्तमानपत्र अंथरतो. ते गुळगुळीत. पिल्लाचे पाय दोन बाजूंना घसरतात आणि फाकलेलेच राहतात. कागदावर खरखरीत कापड घाला. पिल्लू जरा मोठं झालं, की भाताचं तूस किंवा लाकडाचा भुसा दोन-तीन इंच पसरा. ओला झाला की लगेच बदला.

दुसरं कारण उडी. जड कोंबडी उंचावरून फरशीवर धप्पकन उतरते. तळव्याला जखम होते, जंतू शिरतात, तळवा सुजतो आणि त्यावर काळी खपली धरते. म्हणून बसायची दांडी जमिनीपासून फूट-दीड फुटापेक्षा उंच नको.

तिसरं कारण पोटातलं! १८९० च्या सुमाराची गोष्ट. जावा बेटावर ख्रिस्तियान आइकमन नावाचे डच डॉक्टर होते. त्यांच्या कोंबड्यांचे पाय लुळे पडू लागले. त्यांना लष्करी इस्पितळातला पांढऱ्या, सडलेल्या तांदळाचा भात घातला जात होता. नवा स्वयंपाकी आला. सैनिकांचा भात कोंबड्यांना द्यायला त्याने नकार दिला! साधा, न सडलेला तांदूळ मिळू लागला आणि कोंबड्या बऱ्या झाल्या. तांदळाच्या कोंड्यातल्या ब-१ जीवनसत्त्वाचा माग असा लागला. १९२९ साली आइकमन यांना नोबेल पारितोषिकही मिळालं.

आपण काय घालतो? शिळा भात आणि पोळीचे तुकडे. त्यावर हाडं कशी बळकट होणार? कोंबड्यांचं तयार खाद्य आणा, रोज थोडं ऊन मिळू द्या. ब्रॉयलरपुढे मात्र दिवसभर भरलेली ताटली ठेवू नका. वेळ ठरवून खायला द्या. पाणी थोडं दूर ठेवा, म्हणजे तेवढंच चालणं होईल.

चौथं कारण रोग. एक पाय पुढे, एक मागे अशी कोंबडी पडली, तर तो मारेक रोग असू शकतो. हंगेरीच्या योझेफ मारेक या पशुवैद्याने १९०७ मध्ये तो प्रथम नोंदवला. त्याला औषध नाही. लस पिल्लू एक दिवसाचं असतानाच टोचतात. राणीखेत रोगातही पाय लुळे पडतात, मान वाकडी होते. त्याची लस तर आपल्या पुण्यात, औंधला तयार होते.

लंगडताना दिसली तर...

● तिला वेगळं, मऊ जागेवर ठेवा. आता मात्र दाणापाणी अगदी चोचीजवळ हवं.
● मोठ्या माणसांना बरोबर घेऊन दोन्ही पाय पाहा. सूज, खपली, बोटाला गुंडाळलेला दोरा आहे का?
● खपली काढू नका. घरातली आपली औषधं देऊ नका. पशुवैद्याकडे न्या.
● हात साबणाने धुवा. एकदम बऱ्याच कोंबड्या आजारी पडल्या किंवा मेल्या, तर हात लावू नका. लगेच सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा.

आणि पालकहो, एक तुमच्यासाठी. ते रंगीत पिल्लू खेळणं नाही. दोन महिन्यांनी ते केवढं होईल आणि कुठे चालेल, हे ठरवूनच घरात आणा. जागा नसेल, तर 'नको' म्हणणं हीसुद्धा मायाच आहे.

मुलांनो, कोंबडीला "पाय दुखतो" असं सांगता येत नाही. ती फक्त बसून राहते. तिचं बसणं ओळखायला शिकाल ना?