गणवेश उतरविल्यानंतर

घरांतील मुलाची सैन्यांत अधिकारी म्हणून निवड झाली कीं पेढे वांटले जातात, दिवाणखान्यांत त्याचा गणवेशांतील फोटो लागतो. परंतु तो गणवेश एक दिवस उतरवावा लागतो व त्यानंतरहि पुष्कळ आयुष्य शिल्लक राहतें, याचा विचार त्या आनंदांत कोणी करीत नाहीं. तो करण्याचा प्रसंग गेल्या वर्षीं आम्हांवर आला, म्हणून हा लेखनप्रपंच.

आमचा एक जुना विद्यार्थी सैन्यांतील १४ वर्षांची नोकरी संपवून ३६ व्या वर्षीं घरीं परत आला. घरांत वृद्ध आईवडील, पत्नी व दोन शाळकरी मुलें. सहा महिन्यांत त्यानें वीसएक ठिकाणीं अर्ज केले. बहुतेक ठिकाणांहून उत्तरच आलें नाहीं. एके ठिकाणीं पहारेकऱ्यांचा मुख्य नेमण्याची तयारी दाखविली गेली. “गुरुजी, चौदा वर्षें मी काय केलें, तें या लोकांना कळतच नाहीं,” असें तो म्हणाला, तेव्हां वर्गांत सर्वांआधीं हात वर करणारा मुलगा तो हाच काय, असें आम्हांस वाटलें.

येथें वस्तुस्थिति सांगितली पाहिजे. ‘शॉर्ट सर्व्हिस कमिशन’वर सैन्यांत गेलेल्या अधिकाऱ्याची मुदत दहा वर्षांची असते, ती आणखी चार वर्षें वाढूं शकते. त्यानंतर ज्यांना कायम केलें जात नाहीं, ते ऐन तारुण्यांत बाहेर पडतात. वीस वर्षें न भरल्यामुळें त्यांना सामान्यतः निवृत्तिवेतन मिळत नाहीं. एकरकमी उपदान मिळतें. १९९२ पासून मुलीहि याच मार्गानें अधिकारी होऊं लागल्या. २०२० सालीं सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानें त्यांना कायम नेमणुकीचा हक्क मिळाला, तरी हा प्रश्न त्यांच्यापुढेंहि आहेच. कायम नोकरीचे कर्नलसुद्धां सामान्यतः ५४ व्या वर्षीं निवृत्त होतात. मुलांचीं शिक्षणें व लग्नें त्या सुमारासच उभीं असतात.

मग अशा माणसास उद्योगधंद्यांत मानाची जागा मिळणार नाहीं काय? इतिहास तर उलट सांगतो. दुसरें महायुद्ध संपल्यावर १९४६ सालीं अमेरिकन हवाईदलांतील दहा अधिकारी एकत्र फोर्डच्या मोटारकारखान्यांत रुजू झाले. त्यांचा म्होरक्या थॉर्नटन नांवाचा तरुण कर्नल. विमानें, सुटे भाग व माणसें कोठें किती आहेत व किती लागतील, याचा आंकड्यांनीं हिशेब ठेवणें हें त्यांचें युद्धांतील काम. फोर्डची व्यवस्था त्या वेळीं इतकी विस्कळीत होती कीं दरमहा लाखों डॉलरांचा तोटा होई. या मंडळींनीं तेथें तीच हिशेबाची शिस्त लावली. त्यांच्यापैकीं मॅक्‌नामारा हे १९६० सालीं त्या कंपनीचे अध्यक्ष झाले. त्यांनीं कंपनीस आपला हुद्दा विकला नाहीं. आपली विद्या तिच्या कामास लावली, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

दुसरें उदाहरण आपल्या देशांतील. कॅप्टन गोपीनाथ हे आपल्या खडकवासल्याच्या प्रबोधिनींत शिकले व १९७१ च्या युद्धांत होते. तिशीच्या आंतच त्यांनीं सैन्य सोडलें. धरणांत जमीन गेल्याबद्दल कुटुंबास हसन जिल्ह्यांत मिळालेल्या पडीक जागेवर त्यांनीं प्रथम शेती केली, रेशमाचे किडे पाळले. हेलिकॉप्टरची कंपनी निघाली ती १९९७ सालीं आणि स्वस्त भाड्याची विमानसेवा २००३ सालीं. पुढें ती दुसऱ्याच्या हातीं गेली, हेंहि खरें. पण सैन्य सोडल्यापासून विमानापर्यंत मध्यें बरींच वर्षें शेणामातींत काम करण्यांत गेलीं, हें आमच्या तरुणांनीं विसरूं नये.

आम्हांस या ठिकाणीं विराटपर्व आठवतें. अज्ञातवासांत पांडवांपैकीं कोणीहि राजपद मागितलें नाहीं. नकुल घोड्यांकडे गेला, सहदेव गाईंकडे, भीम मुदपाकखान्यांत. ज्याला जें येत होतें तें त्यानें पत्करलें. अर्जुनानें राजकन्येस नृत्यगायन शिकविलें. पण ती विद्या त्यानें चित्रसेन गंधर्वाकडून आधींच संपादन केली होती. गरज पडण्यापूर्वीं शिकून ठेविलें, म्हणून वेळेवर उपयोगी पडलें.

आजहि अशी पूर्वतयारी करतां येते. संरक्षण मंत्रालयाच्या पुनर्वसन महासंचालनालयामार्फत निवृत्तीच्या सुमारास अधिकाऱ्यांसाठीं अभ्यासक्रम चालतात. अहमदाबाद, इंदूर, लखनौ इत्यादि ठिकाणच्या भारतीय व्यवस्थापन संस्थांतून सुमारें सहा महिन्यांचे शिक्षण मिळतें. ताळेबंद वाचणें, मालाची किंमत ठरविणें, गिऱ्हाइकाचें मन ओळखणें या गोष्टी छावणींत शिकावयास मिळत नाहींत. सैन्याचें यश नफ्यातोट्यानें मोजलें जात नाहीं. दुकानाचें त्यावांचून मोजतां येत नाहीं. शिवाय हाताखालचा शिपाई हुकुमास बांधलेला असतो, कारखान्यांतला माणूस उद्यां राजीनामा देऊन शेजारच्या कारखान्यांत जाऊं शकतो. त्याला समजावून, पटवून बरोबर न्यावें लागतें. चांगला अधिकारी हें सैन्यांतहि करीत असतो. फक्त येथें त्यामागें हुद्द्याचा आधार नसतो.

परंतु शिक्षणाइतकीच दुसरी एक अडचण आहे, ती भाषेची. आमच्या विद्यार्थ्याचा अर्ज आम्हीं वाचला. त्यांत पलटणींचीं नांवें, आद्याक्षरांचीं कोडीं व पदकें होतीं. काम कोठेंच नव्हतें. आम्हीं जन्मभर मुलांकडून संस्कृताचें मराठी करून घेतलें, तेव्हां त्याला म्हटलें, “बाबा, याचें भाषांतर कर. तूं रोज काय करीत होतास, तें तुझ्या आईला कळेल असें सांग.” तो सांगूं लागला. लडाखांत बर्फानें वाट बंद होण्यापूर्वीं हिवाळाभराचा शिधा, रॉकेल व औषधें उन्हाळ्यांतच वर पोंचवावीं लागतात. किती ट्रक लागतील, वाटेंत किती नासेल, कोणती वस्तु आधीं चढवावयाची, हें सर्व तो ठरवी. चूक झाली तर माणसें उपाशी राहणार, आणि दुसरी खेप मिळणें कठीण. आम्ही म्हणालों, “मग हेंच लिही.” दुसऱ्या दिवशीं त्यानें आणलेल्या अर्जांत एकहि आद्याक्षर नव्हतें. तो वाचतांना त्याच्या आईच्या डोळ्यांस पाणी आलें, कारण मुलगा तेथें काय करीत होता, तें तिलाहि तेव्हांच प्रथम कळलें.

आतां घरच्या वडील मंडळींस दोन शब्द. असा मुलगा परत आला म्हणजे त्याला वर्षभर तरी उसंत द्यावी. “पूर्वीं तुझ्या हाताखालीं इतकीं माणसें होतीं” असें चारचौघांत म्हणूं नये. त्यानें लहान जागा पत्करण्याची त्यास लाज वाटूं लागते. वारंवारच्या बदल्यांमुळें सुनेचें शिक्षण किंवा नोकरी खुंटली असेल, तर या वेळीं तिचीहि वाट मोकळी करून द्यावी. एकत्र कुटुंबाचा खरा उपयोग अशाच दिवसांत होतो. चूल एक असल्यामुळें एकाची मिळकत थांबली तरी घर थांबत नाहीं.

आमच्या विद्यार्थ्यास पुढें एका मालसांठवणीच्या कंपनींत जागा मिळाली. पगार पूर्वींपेक्षां कमी, हुद्दा दुय्यम, आणि वरिष्ठ त्याच्याहून पांच वर्षांनीं लहान. पहिल्या महिन्यांत तो दोनदां आमच्याकडे येऊन मुकाट्यानें चहा पिऊन गेला. परवां आला तेव्हां मात्र पावसाळ्यांत गुदामांतला माल कसा कोरडा राखला, तें अर्धा तास सांगत होता. त्याच्या वडिलांनीं दारावरच्या पाटीवर मुलाचा हुद्दा ठेवावा कीं काढावा, असें आम्हांस विचारलें. आम्हीं सांगितलें, हुद्दा त्यानें कष्टानें मिळविला आहे, तो खुशाल राहूं द्या. फक्त उंबऱ्याबाहेर कामास जातांना त्यानें तो बरोबर नेऊं नये.