ऐंशी अक्षरांचा नियम

प्रयोगशाळेच्या भिंतीवर टांगलेला सूचनांचा तक्ता तुम्ही पाहिला असेल. कधी कधी तक्त्यावर स्पिरिटचा दिवा कसा पेटवावा हे लिहिलेले असते आणि टेबलावर मात्र केव्हाच गॅसचे बर्नर आलेले असतात. जुन्या विद्यार्थ्यांचे काही अडत नाही, कारण ते तक्त्याकडे पाहतच नाहीत. फसतो तो नवा विद्यार्थी, कारण तोच बिचारा तक्ता मन लावून वाचतो!

संगणकाच्या जगातही असे तक्ते असतात. लिनक्सचेच उदाहरण घेऊ. फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरव्हाल्ड्स यांनी 1991 मध्ये ही प्रणाली लिहावयास घेतली. तिचा मूळ मजकूर कोणालाही वाचता येतो आणि त्यात दुरुस्ती सुचविता येते. अशा दुरुस्तीला ‘पॅच’, म्हणजे ठिगळ, म्हणतात. लिनक्सच्या गाभ्याची नवी आवृत्ती साधारण नऊ-दहा आठवड्यांनी निघते आणि प्रत्येक आवृत्तीला हजाराहून अधिक लोकांचे हात लागलेले असतात. इतक्या लोकांनी एकाच पद्धतीने लिहावे म्हणून नियमांची पुस्तिका हवीच.

या पुस्तिकेत एक नियम होता : एका ओळीत 80 पेक्षा जास्त अक्षरे नकोत. 80 च का बरे? पूर्वी आज्ञावली जाड कागदाच्या कार्डांवर भोके पाडून लिहीत. आयबीएम कंपनीने 1928 मध्ये काढलेल्या कार्डावर 80 स्तंभ होते, एका स्तंभात एक अक्षर. पुढे संगणकाचे पडदे आले, तेही 80 अक्षरांच्या ओळीचे. मग कार्डे गेली, पडदे रुंद झाले, पण आकडा तसाच राहिला.

नियम अगदीच निरर्थक होता असे नाही. फार लांब ओळ वाचताना डोळे शिणतात. पण ‘चेकपॅच’ नावाची एक तपासनीस आज्ञावली 81 वे अक्षर दिसताच इशारा देई आणि तो टाळण्यासाठी लोक चांगल्या, सरळ ओळींचे तुकडे करीत. नियम वाचनसुलभतेसाठी, आणि त्याच्यापायीच वाचणे कठीण! अखेर मे 2020 मध्ये बदल झाला. तपासनिसाची मर्यादा 100 वर गेली आणि त्याच दुरुस्तीत पुस्तिकेतील वाक्यही सौम्य केले गेले. 80 ला पसंती राहिली, सक्ती उरली नाही. दोन्ही बदल एकत्र झाले हे फार बरे झाले. नाहीतर पुस्तिका एक सांगते, तपासनीस दुसरेच, आणि पहिलीच दुरुस्ती पाठविणारा विद्यार्थी मध्येच अडकतो.

सगळेच जुने नियम मात्र मोडीत काढावयाचे नसतात. पडद्यावर उमटणाऱ्या संदेशाचे शब्द मूळ मजकुरात दोन ओळींत तोडू नयेत, असा एक नियम आहे. बिघाडाचा संदेश दिसला की माणूस तेच शब्द मूळ मजकुरात शोधतो. शब्द तुटलेले असले तर शोध फसतो. हे कारण आजही खरे आहे, म्हणून ओळ लांबली तरी चालते.

काही सूचना तर मुदतीच्याच असतात. आज्ञावलीचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या जीसीसी या साधनाची किमान 5.1 ही आवृत्ती हवी, असे 2021 मध्ये ठरले होते. जुना तक्ता पाहून किमान मर्यादेहून जुनी आवृत्ती घेणाऱ्याचे काम पहिल्याच पायरीवर थांबणार.

लिनक्सची पुस्तिका मूळ मजकुराशेजारीच, ‘डॉक्युमेंटेशन’ नावाच्या कप्प्यात ठेवलेली असते. त्यामुळे पुस्तिकेतील चूकही पॅच पाठवूनच दुरुस्त करता येते. ती इतरजण तपासतात, शंका विचारतात, आणि कोणी, केव्हा, का बदल केला याची नोंद कायम राहते. गंमत अशी की या चुका अनुभवी मंडळींना सहसा दिसत नाहीत. त्यांना सारे तोंडपाठ असते. त्या सापडतात पुस्तिका शेजारी ठेवून एकेक पायरी जशीच्या तशी करून पाहणाऱ्या नवख्याला, आणि कित्येकांचा पहिला पॅच असल्याच एखाद्या वाक्याचा असतो.