बुटकी केळ घ्यावी, पण थंडीचा हिशेब करून

वर्धा जिल्ह्याला केळी नवी नाही. सेलू, केळझर, पवनार हा पट्टा एके काळी केळीच्या बागांसाठी ओळखला जायचा. त्या बागा ओसरल्या, हौस मात्र गेली नाही. लेआउटमधल्या घरामागे थोडीशी मोकळी जागा असली तरी तिथे एखादी केळ हवी असते, आणि रोपवाटिकेत गेल्यावर पहिली मागणी असते, "बुटकी द्या." घरासाठी बुटकी जात निवडणं बरोबरच आहे. पण तिच्याबद्दल इतके गैरसमज पसरलेत, की वर्षभर पाणी घालून वाढवलेली केळ ऐन निसवायच्या वेळी हिरमोड करते.

सर्वांत महाग पडणारा समज म्हणजे बुटकी जात सगळ्याच बाबतींत सोपी असते. आपल्याकडची जुनी बुटकी जात बसराई. जगभर तिला ड्वार्फ कॅव्हेंडिश म्हणतात. खोड 5 ते 6 फुटांचं, जाडजूड, वाऱ्याला सहसा न झुकणारं. ती बुटकी का राहते? वाढीसाठी लागणाऱ्या जिबरेलिन या संप्रेरकाचं काम तिच्यात कमी पडतं. त्यामुळे खोड आखूड राहतं आणि पानांचे देठ शेंड्याशी एकमेकांना खेटून बसतात. कंदापासून निघालेलं केळफूल याच दाटीतून वर यायचं असतं. उबदार हवेत ते येतं. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे रात्रीचा पारा 10-12 अंशांवर, कधी त्याहूनही खाली उतरतो, तेव्हा वाढ मंदावते आणि घड गळ्यात अडकतो. अशी केळ जवळून पाहावी: केळफूल अर्धंच बाहेर डोकावतं, कधी खोड फाडून बाजूने निघतं. वरच्या दोन-तीन फण्या देठांमध्ये आवळल्या जातात आणि त्यांची फळं आखूड, वाकडी, एकमेकांत रुतलेली राहतात. लोक खताला नाही तर नजरेला दोष देतात. खरं कारण थंडी आणि लावणीची चुकलेली वेळ हे असतं. ज्या गुणासाठी जात निवडली, त्याच गुणाची ही दुसरी बाजू आहे.

उपाय साधा आहे. बसराईचा मुनवा लावल्यापासून निसवायला साधारण 9 ते 10 महिने घेतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये लावला, तर निसवण नेमकी थंडीत सापडते. मृगाच्या सुमारास लावला, तर ती मार्च-एप्रिलवर जाते. मग घड उन्हाळ्यात भरतो, म्हणून पाणी तोडायचं नाही आणि त्याच केळीच्या वाळल्या पानांनी घड झाकायचा. नाहीतर नवतपात उन्हाकडची फळं करपतात.

ग्रँड नैन, म्हणजे आपली जी-9, हिच्याबद्दलचे समज वेगळेच आहेत. कुणी तिला संकरित म्हणतं, कुणी जनुकं बदललेली. ती दोन्ही नाही. बसराई आणि जी-9 एकाच कॅव्हेंडिश कुळातल्या. निसर्गात आपोआप झालेल्या बदलांतून त्यांची उंची वेगळी झाली. श्रीमंती, महालक्ष्मी, नांदेडकडची अर्धापुरी याही त्याच घरच्या. टिश्यूकल्चर ही जात नाही, रोपं तयार करण्याची रीत आहे. बसराईचीही टिश्यूकल्चर रोपं करता येतात. जी-9चं खोड साडेसहा ते आठ फूट जातं, घड मोठा आणि सुटसुटीत लोंबतो. गळा अडकण्याचा त्रास तिलाही होतो, पण बसराईपेक्षा कमी. मात्र मोठ्या घडाच्या वजनाने ती कलते. उन्हाळ्याच्या तोंडी येणाऱ्या वादळी पावसाआधी तिला दोन बांबूंची कैची द्यावीच लागते.

एकाच कुळातल्या असल्याने "बसराई गोड, जी-9 फिकी" यातही तथ्य नाही. गोडी ठरते ती घड किती पक्व झाल्यावर कापला आणि कसा पिकवला यावर. फळावरच्या कडा बोथट होऊन ते गोलसर होईपर्यंत झाडावर ठेवा, मग चवीत फरक दिसतो तो बाजारातल्या केळ्यापेक्षा. चवच वेगळी हवी असेल, तर जातच वेगळी घ्यावी लागेल. वेलची केळ अनेकांना हवी असते, पण ती बुटकी नाही. सहज दहा-बारा फुटांवर जाते. उंचीनेही आटोपशीर आणि चवीनेही निराळी अशी राजापुरी आहे. उत्तर कर्नाटकात आणि लगतच्या महाराष्ट्रात ती लावतात. खोड सात-आठ फुटांचं, दणकट, थंडी सोसणारं. घड लहान, म्हणून बागायतदार तिच्या वाटेला फारसे जात नाहीत. घरात मात्र तेच सोयीचं. वीस-पंचवीस किलोंचा घड एकदम पिकायला लागला, की चार माणसांच्या घरात तो संपत नाही, अर्धा वाटावा लागतो.

उंचीच्या आकड्यांतही फसगत होते. हे आकडे खोडाचे, म्हणजे पानं फुटतात तिथपर्यंतचे असतात. त्यावर पानांचा पसारा आणखी चार-पाच फूट जातो. बुटकी आहे म्हणून विजेच्या तारेखाली किंवा भिंतीला खेटून लावली, की पानं घासून फाटतात. बसराईलाही दोन्ही बाजूंना किमान पाच-पाच फूट मोकळे हवेत. मुळांनी घराचा पाया फुटेल ही भीती मात्र सोडून द्या. केळीची मुळं मऊ असतात.

शेजाऱ्याच्या सांदवाडीतून फुकट मिळालेला ठेंगणा मुनवा म्हणजे बुटकी जात, हाही धोक्याचा समज. ठेंगणेपण रोगाचंही असू शकतं. पर्णगुच्छ रोगात नवीन पानं अरुंद, ताठ होऊन शेंड्याला झुपक्यासारखी गोळा होतात. देठावर आणि शिरांवर गडद हिरव्या तुटक रेषा दिसतात. अशा केळीला सहसा घड येत नाही. काळा-तपकिरी मावा हा रोग शेजारच्या केळीवर नेतो, त्यामुळे ती कंदासकट काढून नष्ट करणं हाच इलाज. निरोगी बुटक्या जातीची पानं आखूड पण रुंद असतात, कडेला पिवळी पडत नाहीत. मुनवा आणायचाच, तर निरोगी केळीचा, तलवारीसारख्या निमुळत्या पानांचा आणावा, आणि कंदाला भोकं किंवा पोखरल्याच्या खुणा नाहीत ना, ते पाहून घ्यावं.

पाण्याबद्दलचा समज तर घरोघरी आहे: केळीला पाणी खूप लागतं, म्हणून न्हाणीचं पाणी तिच्या बुंध्याशी सोडून द्यायचं. ओल तिला सतत हवी, साचलेलं पाणी नको. आपली काळी भारी जमीन पावसाळ्यात पाणी धरून ठेवते, मुळं गुदमरतात, कंद सडतो. साबणाच्या पाण्याने माती आणखी चोपण होते. खड्ड्यात शेणखत घालून वर वीतभर उंच माती चढवावी, पाणी बुंध्यापासून दूर आळ्यात द्यावं. मे महिन्यात वाढलेल्या केळीला रोज 20 लिटरच्या आसपास पाणी लागतं. आळ्यात पालापाचोळ्याचं जाड आच्छादन घातलं, तर जमिनीला भेगा पडत नाहीत.

माझं मत विचाराल, तर जागा उघडी आणि वाऱ्याची असेल तर बसराई, पण मृगातच. भिंतीचा किंवा शेवरीचा आडोसा असेल तर जी-9. एकच केळ लावायची आणि बाजारात मिळते त्याहून वेगळी चव हवी, तर राजापुरी शोधून आणावी. माती तपासायची असेल, तर सेलसुऱ्याचं कृषी विज्ञान केंद्र जिल्ह्यातच आहे.

लावणीनंतर मुनव्यांचा प्रश्न येतो. केळीचं एक खोड एकदाच फळतं. घड उतरवल्यावर ते कापायचं असतं, पुढचं पीक मुनव्यावर येतं. फुटतील तेवढे सगळे ठेवले, तर एकालाही धड घड लागत नाही. आधीचे छाटत राहावं आणि मुख्य केळ निसवल्यावर एकच जोमदार मुनवा राखावा. तो राखतानाही महिने मोजावेत, कारण त्यालाही निसवायचं आहे, आणि जानेवारीची थंडी त्याच्याही वाट्याला येणार आहे.