स्पिनेकर उभारण्याआधी

हिवाळ्यात मुंबईहून गोव्याकडे शिडाच्या बोटीने जाताना दुपारनंतर वायव्येचा वारा पाठीशी मिळतो. अशा वाऱ्यात पुढचं नेहमीचं शीड, म्हणजे जेनोआ, मोठ्या शिडाच्या आडोशाला येऊन नुसतं लोंबतं. तिथे कामाला येतो स्पिनेकर, हलक्या नायलॉनचं भलंमोठं फुगीर शीड.

जेनोआ बहुतेक बोटींवर नाळेपासून डोलकाठीच्या माथ्याकडे गेलेल्या तारेभोवती गुंडाळलेला असतो. तारेच्या बुडाशी फिरकी असते. तिची दोरी ओढली की शीड मिटतं. या फिरकीवर दोरीचे वेढे भरपूर ठेवावेत. जोराच्या वाऱ्यात शीड जास्त घट्ट गुंडाळलं जातं, त्यामुळे वेढेही जास्त लागतात. ते अपुरे पडले, तर नेमक्या वादळात शिडाचा तुकडा उघडा राहून फडफडतो.

स्पिनेकर तारेला जोडलेला नसतो. तो फक्त तीन कोपऱ्यांवर धरलेला असतो, म्हणून दोऱ्या कुठून जातात यावर सगळं अवलंबून असतं. माथ्याची दोरी जेनोआच्या तारेच्या पुढून जाते. पुढच्या कोपऱ्याची नाळेच्या टोकाला. मागच्या कोपऱ्याची मात्र डोलकाठीच्या बाजूच्या तारा आणि कठडा, दोन्हींच्या बाहेरून मागच्या कप्पीत यायला हवी. ती कठड्याच्या आतून गेली असेल, तर शीड फुगताच सगळा ताण कठड्यावर येतो. म्हणून उभारण्यापूर्वी प्रत्येक दोरी हाताने चाचपत टोकापर्यंत जावं. जेनोआच्या दोरीच्या शेवटी आठाची गाठ मारतात, स्पिनेकरच्या दोरीला मारू नये. अडचणीत ती पूर्ण सोडून देता आली पाहिजे.

माणसं दोनच असतील तर शीड लांब कापडी नळीत ठेवूनच वर चढवावं. मग नळी वर ओढली की ते फुगतं. उतरवताना वारा थेट पाठीशी येईल अशी बोट वळवून शीड मोठ्या शिडाच्या आडोशाला आणावं, मागची दोरी ढिली करावी आणि नळी खाली ओढावी.

वारा पाठीशी असला की त्याचा अंदाज चुकतो. 15 नॉटचा वारा थेट मागून आणि बोट 6 नॉटने पुढे, तर अंगाला जेमतेम 9 नॉट लागतो. बोट वळली की खरा जोर कळतो. त्यामुळे वारा वाढतोय असं वाटताच स्पिनेकर उतरवावा. कोकण किनाऱ्यावर रात्री जाळी आणि मच्छीमार बोटी चुकवाव्या लागतात. तिथे अंधार पडण्याआधीच जेनोआवर यावं.