छत्रीचे तोंड आग्नेयेला
पेण-रोह्याच्या पावसात मोफत दूरचित्रवाणीचा बॉक्स निवडताना

आषाढ लागला की पेण आणि रोहा या दोन्ही गावांचा दिनक्रम पावसाच्या हाती जातो. धरमतरच्या खाडीवरून ढग चढत येतात, बाजारपेठेतील गिऱ्हाईक पातळ होते आणि दुकानांच्या फळ्या नेहमीपेक्षा लवकर लागतात. निसरड्या रस्त्याने उपाश्रयापर्यंत जाणे ज्यांना आता झेपत नाही, अशी घरातील वडीलधारी माणसे चौविहार आटोपून दूरचित्रवाणी संचासमोर बसतात. एखादे प्रवचन, सातच्या बातम्या, जुनी भावगीते एवढीच त्यांची अपेक्षा असते. नेमक्या त्याच वेळी पडद्यावर चौकोन उमटू लागतात, आवाज तुटतो आणि चित्र नाहीसे होते. घरातील तरुण म्हणतो, ‘बॉक्स जुना झाला, उद्या नवा आणू.’ नवा बॉक्स येतो आणि पुढच्या मोठ्या सरीला पुन्हा तेच घडते.

अशा वेळी दोष बहुधा बॉक्सचा नसतो. बॉक्स ही या व्यवस्थेतील शेवटची कडी आहे. तिच्या आधी छत्री, छत्रीपुढील एलएनबी, केबल आणि ती बसवणाऱ्याचा हात या चार कड्या येतात. माल पारखून घेण्याची सवय ज्यांच्या रक्तात आहे, त्या व्यापारी कुटुंबांनी ही साखळी एकदा समजून घेतली, तर पैसाही वाचेल आणि घरातील वृद्धांची संध्याकाळही.

वरळीचा मनोरा आणि डोंगरांची आडकाठी

मुंबई दूरदर्शनचे प्रक्षेपण २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. पुढे रायगड जिल्ह्यातील घरांच्या कौलांवर मासळीच्या काट्यासारख्या दिसणाऱ्या अँटेना उभ्या राहिल्या आणि त्यांची तोंडे मुंबईकडे वळली. १९८७ साली रविवारी सकाळी ‘रामायण’ सुरू झाले, तेव्हा गल्लीतील ज्या घरी संच असेल त्या घराची ओटी भरून जात असे. एक जण कौलावर चढून बांबू फिरवी आणि खालून दुसरा ‘आलं, आलं... गेलं!’ असे ओरडून सांगे. ते दृश्य आज साठीत असलेल्या पिढीला आठवत असेल.

अँटेनाकडे येणाऱ्या लहरी जवळजवळ जमिनीला समांतर प्रवास करतात. वाटेत डोंगर आला की त्यांचे बळ सरते. पेणचा खारेपाट सपाट आणि खाडीकडे मोकळा आहे. मात्र रोहा मुंबईपासून अधिक दूर, कुंडलिकेच्या खोऱ्यात, अवचितगडासारख्या डोंगरांच्या सावलीत वसलेले आहे. त्यामुळे एकाच जिल्ह्यात एका घरी स्वच्छ चित्र आणि दुसऱ्या घरी नुसती मुंग्यांची गर्दी, असा प्रकार पूर्वी नित्याचा होता.

त्या जुन्या प्रक्षेपणाचे युग आता संपले आहे. सामरिक महत्त्वाची काही ठिकाणे वगळता प्रसार भारतीने जुन्या पद्धतीचे ॲनालॉग प्रक्षेपक मार्च २०२२ पर्यंत टप्प्याटप्प्याने बंद केले. दूरदर्शनने डीव्हीबी-टी२ या अंकीय पद्धतीचे प्रक्षेपण २०१६ मध्ये मुंबईसह १६ शहरांत सुरू केले. ते पकडण्यासाठी त्या पद्धतीचा ट्यूनर लागतो. शिवाय अंकीय लहरींनाही डोंगर आडवा येतोच. म्हणून अँटेनाचा बॉक्स घ्यायचाच असेल, तर आधी विक्रेत्याला तो स्वतःच्या घरी लावून दाखवायला सांगावे आणि मगच पैसे मोजावेत. रोह्यासारख्या गावात मोफत दूरचित्रवाणीचा भरवशाचा मार्ग उपग्रहाचाच आहे.

आकाशातील ५८ अंश

दूरदर्शनची मोफत उपग्रह सेवा डिसेंबर २००४ मध्ये ‘डीडी डायरेक्ट प्लस’ या नावाने ३३ वाहिन्यांसह सुरू झाली. आज ती ‘डीडी फ्री डिश’ या नावाने ओळखली जाते. तिच्या वाहिन्या नोव्हेंबर २०१५ मध्ये अवकाशात गेलेल्या जीसॅट-१५ या उपग्रहावरून येतात. विषुववृत्तावर सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर तो स्थिर भासतो.

पेण आणि रोहा या दोन्ही गावांतून पाहता हा उपग्रह आग्नेय दिशेला, क्षितिजापासून सुमारे ५८ अंश उंचीवर येतो. वास्तुशास्त्रात स्वयंपाकघरासाठी सांगितलेली आग्नेय दिशा बहुतेक गृहिणींना ठाऊक असते. छत्रीचे तोंडही तिकडेच हवे. लहरी इतक्या उंचावरून उतरत असल्यामुळे दूरचा डोंगर त्यांना अडवू शकत नाही. अडथळा होतो तो जवळच्या गोष्टींचा, म्हणजे अंगणातील माड, शेजारचा आंबा किंवा नव्याने उठलेली इमारत. छत्रीपेक्षा दहा मीटर उंच असलेले झाड आग्नेयेला सहा मीटरांच्या आत असेल, तर ते वाट अडवणार. मे महिन्यात विरळ असलेली फांदी श्रावणात पानांनी आणि पाण्याने जड होते, हेही ध्यानात ठेवावे.

येथे एक फसगत होते. घरोघरी दिसणाऱ्या छत्र्या ‘ऑफसेट’ प्रकारच्या असतात. त्या डोळ्यांना वाटते त्यापेक्षा कितीतरी वर पाहत असतात. त्यामुळे ‘समोर भिंत आहे, इथे चालणार नाही’ किंवा ‘समोर मोकळे आहे, इथे चालेलच’ हे दोन्ही अंदाज नुसत्या नजरेने चुकू शकतात.

पावसाची गंगाजळी

जुन्या ॲनालॉग अँटेनावर लहरी क्षीण झाल्या की चित्र हळूहळू मुंग्यांनी भरत जाई, पण माणसांच्या आकृती दिसत राहत. अंकीय चित्राचा स्वभाव निराळा आहे. पुरेसा संकेत असेपर्यंत ते निर्दोष दिसते आणि मर्यादा ओलांडली की एकाएकी नाहीसे होते. फ्री डिशच्या लहरी केयू पट्ट्यातील असतात. त्यांची लांबी जेमतेम अडीच-तीन सेंटिमीटर असल्याने पावसाचे टपोरे थेंब त्यांना शोषतात आणि विखुरतात. वर्षाकाठी सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या या जिल्ह्यात ही अडचण अपवादाची नव्हे, हंगामाची आहे.

व्यापारी भाषेत सांगायचे तर कोरड्या दिवसांतील जादा संकेत ही पावसाळ्यासाठीची गंगाजळी होय. एप्रिलमध्ये चित्र दिसले म्हणजे काम झाले, असे मानणारा कारागीर गंगाजळी न ठेवताच हिशेब बंद करतो. बॉक्सच्या पडद्यावर ‘स्ट्रेंथ’ आणि ‘क्वालिटी’ अशा दोन पट्ट्या दिसतात. त्यांपैकी महत्त्वाची ‘क्वालिटी’. छत्री अगदी थोडी सरकवून ही पट्टी जास्तीत जास्त जिथे पोहोचेल तिथेच बोल्ट घट्ट करावेत. केवळ चित्र दिसू लागले म्हणून थांबू नये.

दुसरा उपाय छत्रीच्या आकाराचा. नेहमीची छत्री सुमारे ६० सेंटिमीटरची असते. ९० सेंटिमीटरच्या छत्रीचे क्षेत्रफळ तिच्या सव्वादोन पट भरते, म्हणजे संकेताची कमाईही जवळपास त्याच प्रमाणात वाढते. कोकणात बॉक्सवर दोनशे रुपये जास्त घालण्यापेक्षा छत्रीवर घातलेले दोनशे रुपये अधिक फळतात. अतिवृष्टीच्या काही मिनिटांत मोठी छत्रीही हार मानेल, पण चित्र जाण्याचे प्रसंग कमी होतील आणि ते लवकर परतेल.

खाऱ्या हवेचा विचारही हवा. पेणच्या खाडीकाठी साध्या लोखंडी बोल्टला दोन पावसाळ्यांत गंज चढतो. म्हणून जस्ताचा मुलामा दिलेले किंवा स्टेनलेस स्टीलचे बोल्ट मागावेत. केबल एलएनबीला जोडते तिथे पाणी शिरू नये म्हणून टेप किंवा रबरी टोपी लावावी. घरात शिरण्यापूर्वी केबलला खाली एक झोळ ठेवावा, म्हणजे तिच्यावरून ओघळणारे पाणी भिंतीतून आत न येता तिथेच ठिबकून पडते. विजा कडाडू लागल्या की बॉक्सचा विजेचा प्लग आणि छत्रीची केबल दोन्ही काढून ठेवणे हिताचे.

बॉक्समध्ये काय पाहावे

या चार कड्या नीट असतील तर बॉक्सची निवड सोपी होते. पहिला प्रश्न एमपेग-४ चा. स्वस्तातील जुने बॉक्स केवळ एमपेग-२ वाचतात. फ्री डिशवरील बऱ्याच वाहिन्या एमपेग-४ मध्ये असल्याने त्या अशा बॉक्सवर दिसतच नाहीत आणि घेणारा छत्रीला दोष देत राहतो. एमपेग-४ चा बॉक्स दोन्ही वाचतो. दुसरा प्रश्न जोडणीचा. नव्या संचासाठी एचडीएमआय हवे. जुना पेटीसारखा संच वापरात असेल तर लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिनांची जोडणीही हवी. तिसरा प्रश्न प्रमाणाचा. सेट टॉप बॉक्ससाठी भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची आहे. तो नोंदणी क्रमांक बॉक्सवर छापलेला असावा आणि पक्के बिल मिळावे.

नवा संच घेण्याचा विचार असेल तर आणखी एक पर्याय पाहावा. उपग्रह ट्यूनर आतच असलेल्या दूरचित्रवाणी संचांसाठी मानक ब्युरोने २०२२ मध्ये स्वतंत्र मानक प्रसिद्ध केले. अशा संचाला छत्रीची केबल थेट जोडता येते. वेगळा बॉक्स आणि दुसरा रिमोट हे दोन्ही टळतात. वृद्धांसाठी एकच रिमोट असणे ही मोठी सोय आहे.

एकत्र कुटुंबात बैठकीच्या खोलीत एक आणि आजी-आजोबांच्या खोलीत एक असे दोन संच असतात. दोघांनाही हवी ती वाहिनी स्वतंत्रपणे पाहता यावी यासाठी दोन बॉक्स आणि दोन तोंडांचा एलएनबी लागतो. छत्री मात्र एकच पुरते. घरावर सशुल्क सेवेची जुनी छत्री पडून असेल तर ती पुन्हा रोखून वापरता येते. त्या सेवेचा बॉक्स मात्र तिच्यापुरताच बांधलेला असल्याने त्याच्यावर भिस्त ठेवू नये.

‘मोफत’ या शब्दाचा हिशेब

फ्री डिशला मासिक शुल्क नाही, रिचार्ज नाही, वार्षिक नूतनीकरण नाही. ‘आपली फ्री डिश बंद होणार, अमुक रक्कम भरा’ असा निरोप कोणी पाठवला तर तो खोटा समजावा. खर्च होतो तो एकदाच, छत्री, बॉक्स, केबल आणि मजुरीचा. हा खर्च साधारणपणे दोन हजार रुपयांच्या आसपास येतो.

तुलनेसाठी सशुल्क सेवेचा हिशेब पाहावा. २०१९ च्या नियमांनुसार पहिल्या १०० वाहिन्यांसाठी नेटवर्क क्षमता शुल्काची कमाल मर्यादा दरमहा १३० रुपये होती. १८ टक्के वस्तू व सेवा कर धरून १५३ रुपये ४० पैसे, म्हणजे वर्षाला सुमारे १,८४० रुपये. सशुल्क वाहिन्यांची किंमत त्याहून वेगळी. पुढे हे नियम बदलत गेले, पण ताळेबंद कळायला एवढे पुरे. एका वर्षाच्या केवळ या शुल्कात फ्री डिशची जवळपास सगळी मांडणी होते.

मात्र मोफत म्हणजे सर्व काही नव्हे. खासगी वाहिन्यांच्या जागा लिलावाने दिल्या जातात आणि यादी बहुधा नव्या आर्थिक वर्षासोबत, एप्रिलमध्ये बदलते. आज दिसणारी मालिका उद्या नाहीशी होऊ शकते. तेव्हा बॉक्सवर वाहिन्यांचा शोध नव्याने घ्यावा लागतो. घरात जी प्रवचनाची वाहिनी नेमाने पाहिली जाते, ती सध्या यादीत आहे की नाही, हे दुकानात चालू बॉक्सवर प्रत्यक्ष पाहूनच व्यवहार करावा. दूरदर्शनची सह्याद्री, बातम्या, शेती आणि शालेय अभ्यासक्रमाच्या वाहिन्या, आकाशवाणीची केंद्रे हा या सेवेचा स्थिर गाभा आहे. २००७ च्या कायद्यामुळे राष्ट्रीय महत्त्वाचे क्रिकेट सामनेही येथे विनाशुल्क दिसतात.

पत

या अंकाच्या वाचकांपैकी अनेकांची विजेच्या उपकरणांची दुकाने आहेत. एखादी आजी पदराच्या गाठीतले पैसे सोडून ‘चांगलासा बॉक्स दे रे बाळा’ म्हणते, तेव्हा तिला एमपेग-२ आणि एमपेग-४ मधला भेद ठाऊक नसतो. गोदामात पडून राहिलेला जुना बॉक्स तिच्या हाती देणे सोपे असते आणि त्यात चार पैसे सुटतातही. पण पेण-रोह्यासारख्या गावात गिऱ्हाईक आणि दुकानदार आयुष्यभर एकमेकांसमोर राहतात. पहिल्या मोठ्या पावसात चित्र गेले की बॉक्सवरचे नाव कोणाला आठवत नाही, दुकानाचे नाव आठवते.

उलट जो दुकानदार तिच्या घराच्या आग्नेयेला झाड आहे का हे विचारतो, स्वतःचा कारागीर पाठवून क्वालिटीची पट्टी भरून घेतो आणि ‘रिचार्जचा फोन आला तर पैसे देऊ नका’ असे बजावून सांगतो, त्याच्या दुकानाची पायरी तिची मुले आणि नातवंडेही चढतात. बाहेर सर कोसळत असताना आतल्या खोलीत चित्र टिकून आहे आणि आजी शांतपणे ऐकते आहे, हीच त्या व्यवहाराची खरी पावती.