मोरीचें पाणी आणि ताटांतला मासा

मोरींत ओतलेलें पाणी पुढें कोठें जातें, असें घरांतील एखाद्या मुलानें विचारलें, तर वडील मंडळी "गटारांत" एवढें सांगून मोकळी होतात. गटार कोठें जातें, हें पुढें कोणी विचारूं देत नाहीं. कलकत्त्यांत मात्र ह्या दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर मासळीबाजारांत मिळतें.

कलकत्ता हुगळीच्या पूर्व कांठावर वसलें आहे. पण तेथील जमिनीचा उतार नदीकडे नसून उलट पूर्वेकडे आहे. म्हणून शहराचें सांडपाणी कालव्यांवाटे पूर्वेस नेऊन विद्याधरी नदींत सोडीत. पुढें ही नदी गाळानें भरत जाऊन निकामी झाली. तिच्या भरतीवर जगणाऱ्या दलदलींत खारें पाणी येईना. त्यांतील मासळीही संपली. तेव्हां १९३० च्या सुमारास तेथील तळेंवाल्यांनीं शहराचें सांडपाणीच तळ्यांत घेऊन पाहिलें. कोणा तज्ज्ञानें आंखलेली ही योजना नव्हती. पोटासाठीं केलेला तो प्रयोग होता.

ह्या तळ्यांना तेथें भेडी म्हणतात. तीं उथळ असल्यानें सूर्यप्रकाशाचा त्यांवर पुरता अंमल चालतो. सांडपाण्यांतील घाण जंतु कुजवितात. त्यांतून सुटणाऱ्या द्रव्यांवर सूक्ष्म शेवाळ वाढतें. आणि तें शेवाळ उन्हांत प्राणवायु सोडून त्याच जंतूंना पोसतें. परंतु शेवाळ बेसुमार माजलें, तर तेंच मरून पाणी सडवील. येथें मासा उपयोगी पडतो. कटला, रोहू, तिलापिया हे मासे शेवाळ व त्यावर जगणारे बारीक जीव खाऊन तें आटोक्यांत ठेवतात. प्रथम सांडपाणी कांहीं दिवस नुसतें उन्हांत राहूं देतात आणि मग मासे सोडतात. हा धीर कोळ्यांनीं अनुभवानें शिकला. इतर गांवांना शाप वाटणारी जलपर्णी येथें कांठ ढासळूं नयेत म्हणून मुद्दाम राखतात! तळ्यांतून निघालेलें पाणी पुढें भातशेतांत जातें, आणि धाप्याला शहराच्या कचऱ्याच्या खतावर भाजी पिकते.

ध्रुवज्योति घोष ह्या इंजिनियरांनीं ह्या व्यवस्थेचा अभ्यास करून ती जगापुढें मांडली. २००२ सालीं सुमारें १२,५०० हेक्टर क्षेत्राला रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ म्हणून मान्यता मिळाली. परंतु जमिनीचा भाव असल्या मानाला जुमानीत नाहीं. उत्तरेकडील दलदल भरून १९६० नंतर विधाननगर उभें राहिलें. उरलेल्या पाणथळीच्या रक्षणासाठीं १९९२ सालीं उच्च न्यायालयानें निर्णय दिला, २००६ सालीं कायदाही झाला. तरी तळीं बुजविण्याचे प्रकार थांबलेले नाहींत. तळें बुजविलें कीं पैसा एकदांच हातीं येतो. मागाहून सांडपाणी शुद्ध करण्यास यंत्रें व वीज लागते, पावसाच्या पाण्याला मुरावयास जागा उरत नाहीं, आणि कोळ्याला मजुरी शोधावी लागते. तेथें सदनिका घेणाऱ्याच्या मोरीचें पाणी घेणारें तळें त्याच्याच पायाखालीं गाडलेलें असावयाचें.

ह्या तळ्यांची शक्ति अमर्याद आहे, असेंही समजूं नये. घरगुती घाण तीं पचवितात. कातडीं कमावण्याच्या कारखान्यांतील क्रोमियम जंतूंच्यानें कुजत नाहीं, तें गाळांत सांचत राहतें. तें कारखान्याच्या दारांतच निराळें काढावयास हवें.